अठ्ठावीस जूनची सही

तेल्वोबद्दल गोड बोलणारी माणसं आमच्या सोत्राबालमध्ये पैशाला पासरी मिळतील. कुठल्याही सिद्राच्या, म्हणजे सफरचंदाच्या दारूच्या, गुत्त्यात जाऊन बसा, दुसरी बाटली फुटली की कोणीतरी सुरू होतोच: "काय गडी होता! पंधरा वर्षं देपोर्तिवो सोडला नाही. इमान कशाला म्हणतात ते त्याला विचारा." हे ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. सोडला नाही म्हणे! अरे मेल्यांनो, सोडू दिलात का?

मी एर्मिनिया. देपोर्तिवो म्हणजे आमचा फुटबॉल क्लब, त्याचे कपडे मी एकतीस वर्षं धुतले. शर्ट, चड्ड्या, मोजे, सगळं. मैदानाच्या एका गोलामागे आमची धुण्याची खोली होती आणि तिला एक खिडकी होती. बायकांनी मॅच बघायला जायची तेव्हा फारशी रीत नव्हती, पण खिडकीला कोण अडवणार? आणि खरं सांगू का, बघायची मला गरजही नव्हती. सोमवारी सकाळी कपड्यांचा ढीग पुढ्यात पडला की कोण कसा खेळला ते मला कळायचं. पुढच्या फळीतल्या पोरांच्या चड्ड्या मागून माखलेल्या, कारण जरा धक्का लागला की बसलेच खाली, रेफरीकडे हात करत. बचाववाल्यांच्या एका अंगाने माखलेल्या, कमरेपासून गुडघ्यापर्यंत, घसरत गेल्यामुळे. आणि तेल्वोची? मैदानाचा पार रबडा झालेला असला तरी निम्मी पांढरी. पहिल्या वर्षी मला वाटलं, पोरगं कामचुकार दिसतंय. एकदा तोंडावरच विचारलं.

"ताई," तो म्हणाला, "उशिरा पोचतो त्याला घसरावं लागतं. मी आधीच जाऊन उभा राहतो."

तेव्हा तो सतरा-अठराचा असेल. मी त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी, आणि खाणकामगारांच्या चाळीत आमच्यापासून तिसरं दार त्याचं. त्याला मी रांगताना पाहिलंय. तो सहा वर्षांचा असताना खाणीत वायूचा भडका उडाला आणि त्याचा बाप, बेनिग्नो, आणखी चौघांबरोबर खालीच राहिला. आई ओलिवा हाडाची शहाणी बाई. तिने एकच ध्यास घेतला, की पोरगं खाणीत उतरता कामा नये. म्हणून चर्चमध्ये त्याच्या दृढीकरणाचा विधी व्हायच्या वेळी ती थेट लाउरेंतिनोसाहेबांच्या दारात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या लेकाचे धर्मपिता व्हा."

लाउरेंतिनोसाहेब म्हणजे लाकडाच्या वखारीचे मालक. खाणीला टेकू लागायचे ते सगळे त्यांच्याकडून. ते हो म्हणाले. आता आमच्याकडे धर्मपिता म्हणजे नुसतं चर्चच्या वहीतलं नाव नव्हे. झावळ्यांच्या रविवारी पोराने धर्मपित्याला झावळी नेऊन द्यायची आणि पुढच्या रविवारी, ईस्टरला, धर्मपित्याने पोराला गोड पाव द्यायचा. पोराचं लग्न होईपर्यंत हे चालतं. पाव किती मोठा आला हे सगळी चाळ बघते, आणि तेल्वोचा पाव नेहमी सगळ्यांत मोठा असायचा, वर साखरेची कोंबडी बसवलेला. ओलिवा तो खिडकीत मांडून ठेवायची, दोन-दोन दिवस कापायची नाही. चौदाव्या वर्षी बाकीची पोरं खाली खाणीत गेली आणि हा वखारीत लागला. वर, उजेडात. पुढे साहेब देपोर्तिवोचे अध्यक्ष झाले आणि हा देपोर्तिवोत गेला. ओलिवा मरताना त्याला एवढंच म्हणाली, "साहेबांच्या शब्दाबाहेर जाऊ नकोस." खाल्ल्या मिठाला जागणं चांगलंच, मी नाही म्हणत नाही. पण मिठाच्या नावाने माणसाला किती पिळावं, त्याला काही सुमार?

खेळाचं सांगते. एकोणीसशे सत्तर साली कपच्या सामन्यात पहिल्या डिव्हिजनमधला एक मोठा क्लब आमच्याकडे आला. दक्षिणेकडच्या समुद्राकाठचे, उन्हाच्या मुलखातले लोक, आमचा चिखल बघून नाकं मुरडत होते. त्यांचा नऊ नंबरवाला मोठा नावाजलेला, पेपरात फोटो यायचे. तेल्वोने त्याला नव्वद मिनिटांत काही करू दिलं नाही. लाथ नाही, ओढाओढ नाही. चेंडू जिथे यायचा तिथे हा आधीच उभा. शेवटी तो नऊ नंबरवाला माझ्या खिडकीसमोरच थांबला आणि म्हणाला, "अरे बाबा, तू काय माझ्या बुटातच राहायला आलायस का?"

तेल्वो हसला. "भाडं परवडत नाही," म्हणाला.

आम्ही हरलो, एक-शून्य, तेही दुसऱ्याच कोणाच्या चुकीने. पण महिन्याभरात त्या क्लबचं पत्र आलं. आम्हाला तेल्वो हवा.

आणि इथे तो कायदा आडवा आला. आताच्या पोरांना सांगितलं तर खोटं वाटतं. तेव्हा करार संपला तरी खेळाडू मोकळा होत नसे. तीस जूनच्या आत क्लबने पगारात ठरलेली थोडी वाढ लिहिलेला एक कागद त्याच्या हातात दिला आणि पोचल्याची सही घेतली, की तो आणखी एक वर्ष बांधला. पुढच्या जूनमध्ये पुन्हा कागद, पुन्हा एक वर्ष. त्याला विचारायचं नाही, सवरायचं नाही. मोलकरीणसुद्धा नको असेल तर घर बदलू शकते! तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

दरवर्षी जूनमध्ये क्लबचा सेक्रेटरी फर्मिन तो कागद घेऊन यायचा. सत्तर, एकाहत्तर, बहात्तर, त्र्याहत्तर. दरवर्षी तेल्वो सही करायचा. चाळीतले टवाळखोर विचारायचे, "काय रे तेल्वो, आला का तुझा पट्टा?" तो हसून पुढे जायचा. देल्फिना मात्र हसायची नाही.

देल्फिना त्याची बायको. कोळ्यांच्या गावातली, समुद्राकाठची, तोंडाने फटकळ आणि मनाने निर्मळ. आमच्या खोऱ्यात तिचा जीव घुसमटायचा. सकाळी पांढऱ्या चादरी वाळत घालायच्या आणि संध्याकाळी कोळशाने करड्या झालेल्या काढायच्या, यावर ती रडायची. माझ्याजवळ रडायची. चाळीत तिची मैत्रीण एकच होती, मी. "एर्मिनिया," ती म्हणायची, "हा माणूस मैदानावर कोणाला पुढे जाऊ देत नाही आणि घरी आला की स्वतःच कोणाच्याही मागे उभा राहतो. काय करू मी याचं?"

चौऱ्याहत्तरच्या एप्रिलमध्ये त्या मोठ्या क्लबचा माणूस स्वतः आला. रिपोल नावाचा, तपकिरी सुटातला. स्वयंपाकघरात बसला, देल्फिनाने शिजवलेला पांढरा घेवडा आणि डुकराच्या मांसाचा चोरिथो दोनदा मागून खाल्ला आणि मग बोलला. मी तिथेच होते.

"तेल्वो, तू सत्तावीस वर्षांचा आहेस. सत्ताविसाव्या वर्षी बचाववाल्याला कोणी घेतं. तिसाव्या वर्षी त्याची फक्त विचारपूस करतात. ही शेवटची वेळ. तीस जून उलटेपर्यंत कागद हातात आला नाही, तर तू मोकळा. एक जुलैला दुपारी बारा वाजता मी गाडी घेऊन दारात उभा राहतो."

"कागद येईलच," तेल्वो म्हणाला.

"नाही आला तर?"

"तर येतो."

कागद येईलच, असं आम्हालाही वाटत होतं. पण फर्मिन म्हणजे आळसाचा पुतळा. आयुष्यभर खाणीच्या कचेरीत कारकुनी केलेली. त्या वर्षी एकोणतीस जूनला, सेंट पीटरच्या सणाला, शनिवार आला आणि तीसला रविवार. शुक्रवारी सगळं गाव सणाच्या आदल्या रात्री पेटवायच्या होळीची लाकडं रचण्यात गुंतलेलं. फर्मिनने मनाशी हिशेब केला, की शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर तो पुढच्या कामाच्या दिवशी धरतात. खाणीच्या कचेरीत तसंच चालायचं, मग जगातही तसंच चालत असणार! सोमवारी देऊ म्हणाला आणि सिद्रा प्यायला गेला. मुडदा बशिवला त्याचा.

ते दोन दिवस तेल्वो आणि देल्फिना सणालासुद्धा बाहेर पडले नाहीत. मी त्यांना जेवण नेऊन द्यायचे. दारावर जरा थाप पडली की देल्फिना जागची उडायची. फक्त रविवारी संध्याकाळी तेल्वोने मागच्या वाटेने जाऊन गुत्त्यातल्या फोनवरून रिपोलला सांगितलं की काही आलेलं नाही. सोमवारी सकाळी मी दूध घेऊन गेले तर देल्फिना गाणं म्हणत शर्टांच्या घड्या घालत होती. ट्रंक उघडी. मला बघून तिने कमरेला मिठी मारली आणि मला गरकन फिरवलं, एवढी मी जाडजूड बाई! तेल्वो टेबलाशी कॉफी पीत होता आणि कान लाल होईपर्यंत हसत होता. त्याला तसं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि नंतरही नाही.

मी पण हसले. देवाशपथ, हसले.

दहाच्या सुमाराला मला वखारीच्या कचेरीतून बोलावणं आलं. फर्मिन कोपऱ्यात उभा होता, चेहरा पिठासारखा. साहेबांनी तोवर फुटबॉलच्या फेडरेशनला फोन करून विचारलं होतं आणि त्यांना सांगण्यात आलं होतं, की रविवार-बिविवार काही नाही, तीस म्हणजे तीस. बैल गेला अन् झोपा केला. पण लाउरेंतिनोसाहेब झोपा करून थांबणारे नव्हते.

"एर्मिनिया, बस," ते म्हणाले. "हा कागद तेल्वोकडे न्यायचाय. मी किंवा हा गाढव गेला तर देल्फिना दार उघडणार नाही. तुला उघडेल."

"साहेब, तारीख तर काल गेली."

"कागदावर लिहू ती तारीख. खाली सहीजवळ त्याने अठ्ठावीस जून घालायचं. म्हणावं, धर्मपित्याने सांगितलंय. टीम आत्ता कुठे दुसऱ्या डिव्हिजनला चढलीय, तो गेला तर वर्षभरात खाली येऊ. पुढच्या वर्षी मी स्वतः त्याला सोडीन. माझा शब्द."

मग त्यांनी विचारलं, "सेसारेओ कसा आहे? खोकला कमी आहे ना?"

सेसारेओ माझा नवरा. खाणीच्या धुळीने त्याच्या छातीचं खोकं झालं होतं आणि साहेबांनी त्याला वखारीच्या फाटकावर बसायचं हलकं काम दिलं होतं. बाकी साहेब काही बोलले नाहीत. मोठी माणसं धमकी देत नाहीत, चौकशी करतात.

आता मी भ्याले म्हणून गेले, असं सांगितलं असतं तर माझी सुटका झाली असती. पुष्कळ वर्षं मी स्वतःला तसंच सांगत आले. पण आता एवढं वय झाल्यावर खोटं कोणासाठी बोलायचं? भीती होती, नाही असं नाही. पण चाळीच्या वाटेवर चालताना माझ्या मनात सेसारेओ नव्हता. मनात हे होतं, की हा गेला तर रविवारी त्या खिडकीतून मी बघणार काय? आठवडाभर लोकांचा चिखल आणि रक्त उपसायचं, घरी रात्रभर खोकला ऐकायचा, आणि त्यात नव्वद मिनिटं एक माणूस असा, की जो वेळेवर पोचायचा. माझ्या आयुष्यात दुसरं काही वेळेवर पोचलं नव्हतं. तो जाऊ नये असं मला वाटत होतं. हेच खरं कारण, आणि ते भीतीपेक्षा वाईट आहे.

देल्फिनाने दार उघडलं. माझ्या हातातला कागद बघितला आणि तिचं गाणं थांबलं.

"हे काय?"

"साहेबांनी दिलंय."

"आज एक जुलै आहे, एर्मिनिया."

"माहीत आहे मला."

तेल्वोने कागद घेतला, टेबलावर ठेवला, हाताने सपाट केला. वाचायला त्याला वेळ लागायचा, ओठ हलवत वाचायचा. साहेबांचा निरोप मी होता तसा सांगितला. टीम खाली येईल, पुढच्या वर्षी सोडीन, धर्मपित्याचा शब्द.

"आम्हाला कोर्टात खेच म्हणावं!" देल्फिना ओरडली. "हातात काल आला नाही म्हणजे नाही! तेल्वो, तू नुसता बसून राहा. काही करू नकोस, अगदी काही करू नकोस, बारा वाजेपर्यंत नुसता खुर्चीवर बस. एवढं जमेल ना तुला?"

भिंतीवरच्या घड्याळात पावणेअकरा झाले होते. सव्वा तास, बस. सव्वा तास खुर्चीवर बसायचं होतं त्या माणसाला.

तो देल्फिनाकडे बघेना. त्याने माझ्याकडे बघितलं. "ताई," म्हणाला, "तू आणलायस. तूच सांग, काय करू?"

"तिला काय विचारतोस?" देल्फिना म्हणाली.

"ताई, तू सांगशील ते करतो."

सगळं घर माझ्या तोंडाकडे बघत होतं. मला नुसतं नाही म्हणायचं होतं. फाडून चुलीत टाक, एवढंच. फाटकावरची नोकरी गेली असती तर गेली असती, आम्ही काय उपाशी मेलो असतो? मी तोंड उघडलं आणि तोंडातून आलं, "ओलिवा काय सांगून गेली ते तुला ठाऊक आहे, पोरा."

मेलेल्या आईला मध्ये आणलं मी. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

तेल्वोने मान हलवली. पेन मागितलं. फर्मिनने बरोबर दिलं होतं ते, तेवढं मात्र तो विसरला नव्हता. "तारीख कोणती म्हणालीस?"

"अठ्ठावीस."

त्याने लिहिलं. अठ्ठावीस जून. खाली पूर्ण नाव, एतेल्विनो, शाळेतल्या मुलासारखं एकेक अक्षर सुटं. देल्फिना ट्रंकेशी गेली आणि शर्ट बाहेर काढायला लागली. मी म्हटलं, "देल्फिना, अगं ऐक..." तर म्हणाली, "बाजूला हो, मला इस्त्रीचे वेगळे ठेवायचेत." आमच्यातलं ते शेवटचं बोलणं. तिसरं दार, रोज तोंड दिसायचं, पण पुन्हा तिने माझ्या नावाने हाक मारली नाही.

बारा वाजता रिपोल आला. मी अजून तिथेच होते, पाय उचलत नव्हता. साहेबांची प्रत मला परत न्यायची होती ना! त्याने कागद वाचला, तारीख वाचली, तेल्वोकडे बघितलं.

"अठ्ठावीस? काल संध्याकाळी तर तू फोनवर म्हणालास, काही आलं नाही."

"विसरलो होतो," तेल्वो म्हणाला.

"विसरलास?"

"हो. सणाच्या गडबडीत."

म्हणजे ज्यांनी त्याच्या गळ्यात फास घातला त्यांच्यासाठी त्यानेच खोटं बोलायचं, तेही मान खाली घालून. रिपोलला सगळं समजलं. त्याने हॅट डोक्यावर ठेवली, देल्फिनाचे एप्रिलमधल्या जेवणाबद्दल आभार मानले आणि तो गेला. त्या वर्षी त्यांनी दुसराच एक बचाववाला घेतला. तो पुढे देशाकडून खेळला, सहा का सात वेळा. ते पेपरात यायचं तेव्हा मी पेपर चूल पेटवायला घ्यायचे.

आणि ज्यासाठी हे सगळं केलं ती टीम? पुढच्याच वर्षी खाली आली! तेल्वो असूनसुद्धा. एकट्याने किती जणांच्या आधी जाऊन उभं राहायचं? आणि साहेबांचा शब्द? पंच्याहत्तरच्या जूनमध्ये कागद आला, दहा तारखेलाच. फर्मिन आता धडा शिकला होता. तेल्वो शब्दाची आठवण करून द्यायला गेला होता म्हणे. साहेब म्हणाले, "टीम खाली आलीय अशा वेळी मला सोडून जातोस? तू?" तो परत आला. पुन्हा सही, पुन्हा एक वर्ष.

शहात्तरच्या हिवाळ्यात एका सोमवारी मला त्याची चड्डी ढिगात ओळखू आली नाही. डाव्या अंगाने माखलेली, कमरेपासून गुडघ्यापर्यंत. मी ती दोनदा उलटून नंबर बघितला. मग दर सोमवारी तशीच. त्याचा गुडघा गेला होता आणि तो उशिरा पोचायला लागला होता. लोकांना वाटलं, वा, आता कसा जिवावर उदार होऊन खेळतो! टाळ्या वाजवायचे.

एकोणऐंशीच्या मार्चमध्ये एका रविवारी देशभरच्या खेळाडूंनी खेळायला नकार दिला. तो बांधून ठेवायचा कायदा नको म्हणून. तेल्वोनेही दिला. पहिल्यांदा त्याने कशाला तरी नाही म्हटलं, आणि त्याच गुत्त्यांमधून त्याला गद्दार म्हणाले. कायदा पुढे मोडीत निघाला. वरातीमागून घोडं. तेल्वो तेव्हा बत्तीस वर्षांचा. जूनमध्ये साहेबांनी त्याला कचेरीत बोलावलं आणि सांगितलं, की आता तू मोकळा आहेस, आम्हालाही तुझी गरज नाही. जागा दिली वखारीत, करवतीवर. म्हणजे चौदाव्या वर्षी जिथून निघाला होता तिथेच. लोक म्हणाले, बघा, साहेबांनी वाऱ्यावर सोडलं नाही!

शहाऐंशीत साहेब वारले. अख्खं खोरं लोटलं होतं अंत्ययात्रेला. शवपेटीला पुढून डाव्या बाजूने खांदा तेल्वोने दिला, धर्मपुत्र म्हणून. चर्चपासून दफनभूमीपर्यंत चढ आहे आणि त्या गुडघ्याने तो दर पावलाला बाजूला झुकायचा, की पेटी झुकायची. माझ्या मागे दोन बायका कुजबुजत होत्या, "असा धर्मपुत्र मिळायला भाग्य लागतं." मी वळून त्यांच्याकडे असं बघितलं, की त्या दोन ओळी मागे सरकल्या.

सगळे पांगल्यावर मी त्याला गाठलं. बारा वर्षं जे पोटात ठेवलं होतं ते दफनभूमीच्या पायऱ्यांवर बाहेर आलं, आणि आलं ते नेहमीसारखं भांडणच होऊन.

"त्याला खांदा कशाला दिलास? लाज नाही वाटली?"

"धर्मपिता होता, ताई."

"धर्मपिता! तुझं आयुष्य खाल्लं त्या माणसाने."

"त्याने एकट्याने नाही," तो म्हणाला. साधंच म्हणाला, हवापाण्याबद्दल बोलावं तसं. गुडघा चोळत पायरीवर बसला.

मी पण बसले. म्हटलं, "तेल्वो, त्या दिवशी मी तुला सही कर म्हणाले. ते सेसारेओच्या नोकरीसाठी म्हटलं नव्हतं मी. तू इथेच राहावास म्हणून म्हणाले. मला माफ कर."

त्याने खाली गावाकडे बघितलं. मग म्हणाला, "ताई, देल्फिना नको म्हणणार हे मला माहीतच होतं, ती बायको. साहेब हो म्हणणार हेही माहीत होतं. मला स्वतःला नाही म्हणता येत नव्हतं. म्हणून तुला विचारलं."

"म्हणजे?"

"मला वाटलं होतं, तू नाही म्हणशील."